तात तुटली तर

मागच्या पावसाळ्यात, ऑफिसात दुपारचा चहा यायच्या सुमारास, मी एका मुलीला घाईत उत्तर दिलं. उत्तर दोन शब्दांचं होतं. ती आमच्याकडे येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. यवतमाळकडची, कमी बोलणारी, प्रत्येक गोष्ट वहीत टिपून घेणारी. आम्ही नदीवरच्या एका पुलाचं डिझाईन करत होतो. दीडशे मीटरचा एकच गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, पोलादी कमान, आणि कमानीची दोन्ही टोकं खालून बांधून धरणारा टाय. काम अजून कागदावर आहे म्हणून नदीचं नाव लिहीत नाही. स्क्रीनवर कमानीचं चित्र होतं आणि येणारा जाणारा प्रत्येक जण थांबून "वा, छान दिसतोय" म्हणून जात होता. ती मात्र कमानीकडे बघतच नव्हती. तिची पेन्सिल खालच्या सरळ रेषेवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हवेतच फिरत होती. मग तिने विचारलं, "मॅडम, हा टाय तुटला तर?" मला बेअरिंगचं, म्हणजे पूल ज्याच्यावर टेकतो त्या भागाचं, ड्रॉईंग संध्याकाळच्या आत पाठवायचं होतं. मी म्हटलं, "तुटत नाही." तिने मान हलवली, वही उघडली आणि काहीतरी लिहिलं. जाता जाता माझी नजर पडली. टाय तुटत नाही, असं तिने निळ्या शाईत लिहून ठेवलं होतं.

ते वाचलं आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. तिने नुसतं ऐकून सोडून दिलं असतं तर बहुधा मीही विसरले असते. पण वहीत गेलेलं वाक्य वेगळं असतं. विशीतल्या, बाविशीतल्या माणसाच्या वहीत गेलेलं वाक्य पुढची तीस-पस्तीस वर्षं टिकतं, त्याच्यावर दुसरी वाक्यं उभी राहतात. माझ्या स्वतःच्या पहिल्या नोकरीतल्या वहीत अशी किती वाक्यं आहेत, जी मी पुढे कधी तपासलीच नाहीत! त्या रात्री जेवताना, आणि नंतर आठ महिने अधूनमधून, ते दोन शब्द माझ्यासमोर येऊन बसत राहिले.

कमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दगडी कमान येते. वेशीची, देवळाच्या ओवरीची, घाटातल्या जुन्या पुलाची. ती दोन्ही बाजूंना रेटत असते. तुम्ही जमिनीवर पाय फाकून उभं राहा, पाय घसरायला लागतात तेव्हा तळव्यांखाली जे जाणवतं तेच कमान रात्रंदिवस करत असते. दगडी कमानीत तो रेटा सोसायला दोन्हीकडे कातळ लागतो, नाहीतर कातळाइतकी जाड भिंत. आमच्या नदीला कातळ नव्हता. वर काळी माती, खाली चिकणमाती, त्याखाली वाळू, पुन्हा चिकणमाती. बोअरचे नमुने लाकडी पेट्यांत ओळीने मांडले होते आणि एकाही पेटीत वाजेल असा दगड नव्हता. अशा काठावर रेटा टाकायचा म्हणजे लोण्यात खांब रोवण्यासारखं. मग कमानीची दोन टोकं एकमेकांनाच बांधून टाकायची. डावीकडचा रेटा आणि उजवीकडचा रेटा एका सरळ पट्टीत आणायचा आणि तिथेच मिटवायचा. काठावर उरतं ते फक्त वजन, सरळ खाली जाणारं. काठाला पत्ताही लागत नाही की वर एवढी मोठी कमान त्याला ढकलू पाहत होती.

इंग्रजीत याला धनुष्याच्या दोरीचं नाव आहे आणि आमच्या धंद्यात आपणही तेच उचललं आहे, बोस्ट्रिंग. पण मला हा पूल पहिल्यांदा कळला तो धनुष्यावरून नाही. पिंजाऱ्याच्या पिंजणावरून.

नाशिकला जुन्या गावात आमच्या वाड्याच्या चौकात दिवाळी संपली की पिंजारी यायचा. थंडीच्या आधी गाद्या उसवायच्या, वर्षभर दबून दगड झालेला कापूस बाहेर काढायचा आणि त्याच्यापुढे ढीग करून ठेवायचा. त्याच्या खांद्यावर ते लांबलचक लाकडी पिंजण असायचं आणि त्याच्यावर ताणलेली तात, आतड्याची, पिवळसर, दिव्यासमोर धरली तर थोडी पारदर्शक. लाकडी ठोकळ्याने तो तातेवर मारायचा आणि वाडाभर एक आवाज पसरायचा, खर्जातला, छातीत घुमणारा. कापूस उडायचा, उन्हाच्या तिरिपेत तरंगायचा, आमच्या केसांत, पापण्यांवर बसायचा. मला त्या तातेला हात लावून बघायचा होता. ती हलताना एकाऐवजी दोन-तीन दिसायची, मग हळूहळू पुन्हा एक व्हायची. आजी माजघरातून ओरडायची, "लांब हो गं, तात तुटली तर डोळा जाईल!" आजी शाळेत कधी गेली नव्हती. पण धोका लाकडात नाही, तातेत आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाकूड वाकलेलं दिसतं, जड दिसतं, म्हणून आपण त्याला घाबरतो. पण सगळी साठवलेली ताकद त्या करंगळीहूनही बारीक दोरीत असते.

एकदा ती खरंच तुटली. आवाज असा झाला की अंगणातली कबुतरं एकदम उडाली. पिंजाऱ्याच्या मनगटावर लाल वळ उठला. तो काही बोलला नाही. हात झटकला, शेजारच्या झोळीतून गुंडाळी करून ठेवलेली दुसरी तात काढली, दातांत एक टोक धरलं आणि बांधायला लागला.

आता आकडे सांगते, कारण आकड्यांशिवाय हे भय कुणाला पोहोचणार नाही. आमच्या पुलाचा गाळा १५० मीटर, कमानीची मधली उंची २५ मीटर. पुलाचं स्वतःचं वजन आणि वरची वाहतूक मिळून मीटरमागे साधारण १८ टन धरले. भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले उंचीची आठपट. शाळेतल्या गणिताइतकंच सोपं आहे. उत्तर येतं २,००० टनांच्या आसपास. दोन बाजूंना दोन टाय, म्हणजे एकेकात १,००० टन ओढ. पंचवीस-पंचवीस टनांचे भरलेले चाळीस ट्रक एकाखाली एक टांगले तर वरच्या साखळीला जे वाटेल, ते त्या आडव्या पट्टीला जन्मभर वाटत राहणार. रात्री पुलावर चिटपाखरू नसतानाही त्यातला मोठा हिस्सा तसाच असतो, कारण मुख्य वजन पुलाचंच. कमान बसकी केली, उंची निम्मी केली, की ही ओढ दुप्पट होते. पैसे देणाऱ्यांना बसकी कमान आवडते, चित्रात डौलदार दिसते. मी बहुतेक वेळा भांडून गाळ्याच्या सहाव्या हिश्शाइतकी तरी उंची मागून घेते.

एवढं सगळं करायचं तरी कशाला, हा प्रश्न मला सासरी, माहेरी, लग्नाच्या पंगतीतही विचारला गेला आहे. पाण्यात चार खांब जास्त घालावेत आणि साध्या तुळया टाकाव्यात! घालता येतात, आणि जिथे नदी शांत आहे तिथे घालावेतच. पण पुराच्या नदीत प्रत्येक खांब म्हणजे एक नवा भोवरा. खांबाभोवती पाणी वळतं, तळाची वाळू उकरतं, आणि पूर ओसरला की तोच खड्डा गाळाने भरून निघतो, म्हणून उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला काहीच दिसत नाही. खांब कमी करायचे तर गाळा लांब करायला हवा. लांब गाळ्याची तुळई खोल होते, आणि ती पुराच्या पातळीच्या वर ठेवायची म्हणजे सगळा रस्ता उचलावा लागतो. मग दोन्हीकडच्या गावांत उंच भराव येतो, कुणाचं अंगण जातं, कुणाच्या दारातून उतरता रस्ता. कमान मात्र आपली सगळी उंची वर आभाळात नेते. खाली रस्त्याची जाडी तेवढी राहते. पुराचं पाणी खालून जातं, गाव जागच्या जागी राहतं. मला हा प्रकार आवडतो त्याचं खरं कारण हे आहे. दिसण्याचा भाग नंतरचा.

मी पहिल्यांदा अशा कमानींच्या खालून नव्हे, मधून गेले ती राजमहेंद्रीला. तेव्हा मी शिकत होते. माझे एक काका कोणार्क एक्स्प्रेसने पुरीला निघाले होते आणि मला सोबत म्हणून नेलं होतं. गोदावरी यायच्या आधी डब्यात चुळबुळ सुरू झाली. बायकांनी कनवटीची नाणी काढली, एका आजोबांनी चप्पल काढून ठेवली. गाडी पुलावर चढली आणि खिडकीबाहेर एक राखाडी काँक्रीटची कमान उगवली, चढत गेली, डोक्यावरून गेली, उतरली, मग दुसरी. कमानीवरून खालचा पूल टांगून धरणारे उभे हँगर खिडकीवरून सपसप मागे जात होते आणि त्यांच्या फटींतून पाणी दिसत होतं, तपकिरी, रुंद, न संपणारं. लोखंडी पुलावर गाडी जो थयथयाट करते तो इथे नव्हता. आवाज दबलेला, एकसुरी. मी कमानी मोजायला लागले आणि अठराव्या की एकोणिसाव्याला चुकले. काका खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून बसले होते. म्हणाले, "आपल्या रामकुंडातलं पाणी इथे येतं बघ. पण ओळख देत नाही." मीही नाणं टाकलं. ते हँगरला लागून टणकन वाजलं की नुसताच मला भास झाला, माहीत नाही.

पुढे या व्यवसायात आल्यावर मी त्या पुलाचे कागद शोधून वाचले. त्या घाटाशी गोदावरीवर तीन पिढ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. १९०० साली सुरू झालेला हॅवलॉक पूल, ५६ गाळ्यांचा, आता गाड्यांवाचून निवांत. १९७४ चा दुमजली पूल, खाली रेल्वे आणि वर रस्ता. आणि १९९७ ला गाड्या सुरू झालेला हा कमानींचा, २८ गाळे, प्रत्येक ९४ मीटरचा. जुन्याच्या बरोबर निम्मे गाळे. म्हणजे त्याच नदीत खांबांची गर्दी निम्म्यावर आली. आराखडा झुरिक आणि स्टुटगार्टच्या कचेऱ्यांत झाला. बांधला तो वालचंद हिराचंदांनी १९२६ साली उभ्या केलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने. सोलापूरच्या माणसाची कंपनी, त्र्यंबकला उगवलेली नदी, हे वाचताना उगीचच ऊर भरून आला होता. आता इंजिनिअर म्हणून काकांच्या वाक्यातली चूक कळते. राजमहेंद्रीच्या पुरात नाशिकच्या पाण्याचा वाटा फार थोडा. तिथला खरा लोंढा प्राणहिता, इंद्रावती, शबरी आणतात. १९८६ च्या ऑगस्टात तिथून ३५ लाख क्युसेक पाणी गेलं होतं. आणि प्राणहितेत वर्धा असते, म्हणजे त्या मुलीच्या यवतमाळचं पाणीही तिथे पोहोचतं. काका असते तर त्यांना हे सांगितलं असतं.

त्या पुलात दोरी काँक्रीटची आहे, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. काँक्रीट दाबाला खंबीर आणि ओढीला अगदी दुबळं. ओढलं की तडकतं. कमानीला ते शोभतं, पण दोरीला? म्हणून रेल्वे ज्याच्यावरून जाते तो खालचा पोकळ डबाच दोरी केला आणि त्याच्या पोटातून पोलादी केबल घालून त्या जॅकने ताणल्या. केबल आधीच त्याला इतकं आवळून धरतात की कमानीने कितीही ओढलं तरी काँक्रीट आवळलेलंच राहतं. आवळणंही एकदम करून चालत नाही. कमानीचा भार जसजसा वर येतो तसतशी थोडी थोडी ओढ द्यायची. आधीच सगळी दिली तर डबा चिरडेल, उशीर केला तर फाटेल. अशा साइटवर जॅकचा काटा बघत उभं राहिलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे. तो पापणी लवू देत नाही.

ऑगस्ट २०१६ ची ती रात्र कोकणातल्या कुठल्याच घराला विसरता येणार नाही. महाडजवळ सावित्रीच्या पुरात इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल गेला आणि त्यासोबत दोन एसटी बस गेल्या. पुढचे कित्येक दिवस मला फोन येत होते. आमच्या गावचा पूल कसा आहे गं? तू बघतेस का? मी प्रत्येकाला सांगत होते की मी नवे पूल आखते, जुने तपासणारी माणसं वेगळी असतात. खरं होतं ते, आणि तरीही सांगताना जीभ जड व्हायची. त्या रात्री अंधारात, धो धो पावसात, पूल आहे असं समजून चालकाने गाडी घातली असेल. रस्ता आहे म्हणजे पूल आहे, एवढा साधा विश्वास. त्या विश्वासाच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं आणि म्हणत असतं, तुटत नाही.

तुटतो.

जानेवारी १९७७. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ ओहायो नदीवर महामार्गाचा पूल, टाय लावलेली पोलादी कमान, आदल्याच वर्षी वाहतुकीला खुली केलेली. कडाक्याची थंडी. खालून बार्ज ओढत जाणाऱ्या टगबोटीच्या कप्तानाने वर बघितलं तर टायला चीर. तळापासून सुरू होऊन माणसाच्या उंचीच्याही वर गेलेली, जवळजवळ आख्खा टाय चिरत गेलेली. रोज हजारो गाड्या त्यावरून जात होत्या आणि वरून जाणाऱ्या एकालाही कळलं नव्हतं, कारण वरून टाय दिसतच नाही. दोष कारखान्यात घातलेल्या एका जोडाच्या वेल्डमध्ये होता. पूल पडला नाही. वाहतूक थांबली, दुरुस्ती झाली, आणि अमेरिकेत या सगळ्या घराण्याकडे लोक संशयाने बघायला लागले. त्या कप्तानाचा मी किती वेळा विचार केला आहे! आपलं काम बोट हाकण्याचं, मान वर करायची त्याला काही गरज नव्हती.

मे २०२१ मध्ये मेम्फिसला मिसिसिपीवरच्या १९७३ च्या पुलात पुन्हा तेच. तपासणीला गेलेल्यांना टायमध्ये मोठा तडा दिसला, त्यांनी तिथूनच फोन करून पूल बंद करायला लावला. वर वाहतूक थांबली, खाली नदीही थांबली, शेकडो बार्ज रांगेत. नदी तीन दिवसांनी सुटली. दोन्ही दिशांच्या गाड्या सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. नंतर लोकांनी जुने फोटो काढून पाहिले, तर २०१६ साली होडीतून जाता जाता कुणीतरी सहज टिपलेल्या चित्रात तो तडा दिसत होता. पाच वर्षं तो तिथेच होता. मधल्या काळात पुलाच्या तपासण्याही झाल्या होत्या. तो फोटो मी मोठा करून पुष्कळ वेळ बघत बसले. पाणी, आभाळ, पोलादाची लांब सरळ कड, आणि तिच्यावर एक काळी बारीक रेघ. बघायचं कुठे हे माहीत असेल तरच दिसणारी.

आणि तैवानमधला नानफांगाओचा पूल. मासेमारीच्या बंदरावरचा, १४० मीटरचा, १९९८ चा. कमान मध्यावर एकच, देखणी. १ ऑक्टोबर २०१९ च्या सकाळी एक टँकर दुसऱ्या टोकाला पोहोचत असताना हँगर तुटले आणि सगळा पूल खालच्या बोटींवर कोसळला. सहा मच्छीमार गेले, पोटासाठी परदेशातून आलेले. तिथे दोष टायचा नव्हता, हँगर गंजले होते. वरच्या आवरणाखाली, रस्त्यात रुतलेल्या टोकाशी, जिथे हात पोहोचत नाही आणि नजरही नाही. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यावर, तोही तुटला की पुढच्यावर. कॅमेऱ्यातलं ते चित्रण मी एकदाच पाहिलं. काही सेकंदांचं आहे. पुन्हा बघायची ताकद झाली नाही.

हे सगळं मला माहीत होतं, त्या दुपारीही. म्हणूनच ते उत्तर मला टोचत राहिलं. अज्ञानातून दिलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

नॉर्वेचे पेर त्वेइत नावाचे एक अभियंते होते. १९५० च्या दशकात विद्यार्थी असताना त्यांनी हँगर उभे न ठेवता तिरके करून जाळ्यासारखे एकमेकांवरून नेण्याचा विचार मांडला, आणि १९६३ मध्ये स्टाइंकयेरला तसा पहिला पूल झाला. त्याच वर्षी जर्मनीत फेहमार्नच्या सामुद्रधुनीवर २४८ मीटरचा झाला. जाळ्यामुळे कमान आणि टाय एकजीव होतात, वाकणं कमी होतं, पोलाद पुष्कळ वाचतं. लोक बहुतेक पोलाद वाचतं म्हणूनच त्याचं नाव घेतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. एखादा हँगर गेला तर भार कुणा एका शेजाऱ्यावर जात नाही, तो वाटला जातो. जसं मयतीच्या घरी चूल पेटत नाही तेव्हा जेवण कुणा एकाकडून येत नाही, आख्ख्या आळीतून येतं. आज चीनमध्ये यांग्त्सेवर चाओथ्येनमनचा पूल ५५२ मीटरची कमान टायने बांधून उभा आहे, २००९ पासून. आपल्याकडे वरळीच्या टोकाशी सागरी किनारा रस्ता वांद्रे-वरळी सेतूला जोडताना २०२४ च्या एप्रिलमध्ये १३६ मीटरची, २,००० टनांची कमान बार्जवरून आणून बसवली. भरतीचं पाणी सोबतीला घेऊन, पहाटेच्या वेळी. ते मी टीव्हीवर बघत होते आणि बाकीचे कमानीकडे बघत असताना माझा डोळा पुन्हा खालच्या कडेवरच होता. ही सवय आता जाणार नाही.

जानेवारीत आमच्या पुलाचं काम पुन्हा टेबलावर आलं. मी त्या मुलीला बोलावलं आणि म्हटलं, "तू पावसाळ्यात एक प्रश्न विचारला होतास. मी नीट उत्तर दिलं नव्हतं. आता आपण दोघी मिळून तो तोडून बघू." तिने कुठला प्रश्न, असं विचारलं नाही. कॉम्प्युटरवर आम्ही एका बाजूचा टाय मधोमध कापला. जुन्या डिझाईनमध्ये टाय म्हणजे चार प्लेटा वेल्डने जोडून केलेली एक पेटी होती. वेल्डने चार प्लेटा एकजीव होतात, पण मग तडाही एका प्लेटमधून दुसरीत चालत जातो, त्याला कुणी अडवत नाही. पेटी कापल्यावर स्क्रीनवरची कमान त्या बाजूने पसरायला लागली, मोकळ्या बेअरिंगचं टोक बाहेर सरकलं, आकडे लाल होत गेले. आम्ही दोघी गप्प बसून बघत होतो. मला चौकातली कबुतरं आठवली.

मग पेटी बदलली. त्याच चार प्लेटा, पण कोपऱ्यांत अँगल घालून बोल्टने बांधलेल्या. आता एकीत तडा गेला तर तो तिच्या काठाशी येऊन थांबतो. पुढे जायला सलग पोलादच नसतं. उरलेल्या तिघींनी १,००० टनांची ओढ धरून ठेवली पाहिजे, वाहतूक थांबवून दुरुस्ती होईपर्यंत, आणि तेवढा वेळ मिळेल अशी जाडी ठेवायची. पोलाद वाढलं. हजारो बोल्टांची भोकं वाढली, कारखान्याचा वेळ वाढला, आणि प्रत्येक फटीत पाणी शिरून गंजणार नाही याची काळजी वाढली. पेटीच्या आत माणूस ओणवा होऊन शिरेल एवढी जागा आणि दोन्ही टोकांना झडप ठेवली, म्हणजे कुणाला तरी आत जाऊन टॉर्च मारून बघता येईल. प्रत्येक हँगर एकेक करून काढून पाहिला. हे बैठकीत मांडलं तेव्हा खर्चावरून बरीच खडाजंगी झाली. एकाने विचारलं, "पण मॅडम, तो तुटतो कशाला?" मी पिट्सबर्गच्या कप्तानाची गोष्ट सांगितली. ती सांगताना माझा आवाज चढला, आणि चढू दिला.

मार्चच्या शेवटी तिने हिशोबाची पानं सहीला आणली. व्यवस्थित टाचलेली, शंभराच्या वर. टायच्या प्रकरणाला तिने स्वतःच मथळा दिला होता: एक प्लेट तुटल्यानंतर. 'तुटल्यास' नाही, 'तुटल्यानंतर'. मी तो शब्द बदलला नाही, सही केली. ती उठली नाही. म्हणाली, "मॅडम, कमान आणि टाय जिथे भेटतात त्या कोपऱ्याचं काय? तिथे तर सगळं एकाच ठिकाणी येतं. तिथला जोड गेला तर चार प्लेटांचा उपयोग नाही." मी म्हटलं, त्याचं आज माझ्याकडे उत्तर नाही, सोमवारी सकाळी त्यालाच हात घालू. तिने वही काढली आणि सोमवार लिहायला मागची पानं चाळायला लागली. तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पावसाळ्यातलं ते पान दाखव गं जरा. माझं ते वाक्य खोडून टाक."

तिने पान शोधलं, वही माझ्याकडे वळवली. टाय तुटत नाही. मला आठवत होतं तसंच, निळ्या शाईत. फक्त त्या दुपारी मी जाता जाता वाचलं होतं आणि ओळीचं टोक तिच्या हाताखाली झाकलं गेलं होतं. तिथे, त्याच शाईत, त्याच दिवसाच्या तारखेखाली, एक प्रश्नचिन्ह होतं.